इंजिनाची खांदेमळण

भाद्रपदी पोळ्याच्या दिवशी माणच्या मैदानात सदतीस वाहनं उभी होती. चौदा मोटारी, अकरा टेम्पो-पिकअप, सात ट्रॅक्टर, चार रिक्षा आणि एक पाण्याचा टँकर. बॉनेटवर हळदीचे पंजे, आरशांना गोंडे, वायपरला झेंडूच्या माळा. एका ट्रॅक्टरच्या नाकाडावर तर बैलाची जुनी झूल पांघरली होती. बैल दोन होते. दोन्ही मातीचे, टेबलावर ठेवलेले. त्यांच्यापुढची पुरणपोळी मुंग्यांनी कधीच ताब्यात घेतली होती.

हे सगळं सायलीने मोजलं, कारण मोजल्याशिवाय तिला चैन पडत नसे. फिजिक्समध्ये एमएस्सी करून ती वर्षभर भोसरीच्या एका प्रयोगशाळेत कामाला जात होती. कारखान्यांतून दाब मोजायची गेजं तिच्या टेबलावर यायची आणि ती खरं बोलतात की खोटं, हे ती ठरवायची. घरचे म्हणत, पोरगी काट्यांची परीक्षा घेते.

जमिनी आयटी पार्कात गेल्यावर माणमधले गोठे रिकामे झाले आणि त्यांच्या भाड्याच्या खोल्या झाल्या. बैल गेले तरी पोळा मात्र गेला नाही. मग लोकांनी गाड्या ओवाळायला सुरुवात केली. त्यात वाईट काहीच नव्हतं. वाईट झालं ते यंदा, कारण यंदा गतिनाथ महाराज आले.

महाराजांच्या अंगावर भगवी कफनी होती, पायांत पांढरे बूट आणि कानाला चिकटलेला माईक.

"भक्तांनो, काल काय होतं?"

"खांदेमळण!" लोक ओरडले. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला हळद-तेल चोळतात, हे माणमध्ये कुणाला सांगावं लागत नाही.

"का मळायचा खांदा?"

"जू वढतोय म्हनून!"

"आता जू कोण ओढतं?"

"इंजान!"

"मग इंजिनाचा खांदा कोण मळणार? तुम्ही बॉनेटला हळद लावता. अहो, बॉनेट म्हणजे बैलाची शेपटी! खांदा आत आहे. सिलिंडर म्हणजे देह, पिस्टन म्हणजे प्राण, स्पार्क म्हणजे आत्मा! आणि ऐका, मी अंधश्रद्धेच्या सक्त विरोधात आहे. मी म्हणतो म्हणून मानू नका. मी मोजून दाखवतो. नो मोजणी, नो भक्ती!"

टाळ्या पडल्या. सायलीनेही वाजवल्या. मोजून दाखवणारा महाराज तिने पहिल्यांदाच पाहिला होता.

सगळ्यांत पुढे जयवंतकाकांची सात सीटची व्हॅन होती. जयवंतकाका सायलीचे सख्खे चुलते. व्हॅन चढाला दम टाकायची, तेल खायची. गॅरेजवाल्याने सांगितलं होतं, पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, इंजिन उघडावं लागेल, गाडी आठवडाभर मिळणार नाही. सोमवारी ती गॅरेजला जाणार होती. काकांना आठवडा जड वाटत होता, कारण शारदाकाकूंना आठवड्यातून दोनदा त्याच व्हॅनमधून डायलिसिसला न्यायचं असे.

महाराजांचा शिष्य इंद्रजित याने पुढची सीट उचलली. या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखालीच असतं. त्याने पेट्रोलचा फ्यूज काढला, चारही स्पार्क प्लग काढले आणि प्लगच्या भोकात गेजची नळी बसवली. किल्ली फिरवली की पिस्टन वर येतो, आतली हवा दाबतो आणि काटा तो दाब सांगतो. इंजिनाचा दम मोजायची ही गॅरेजमधली साधी रीत.

"इथं कुणी शिकलेलं आहे का? आमचा माणूस आकडा वाचेल तर तुम्ही म्हणाल, खोटा आहे!"

"हाय की! आमची सायली. एमेस्सी झालीया!" काकांनी तिला हाताला धरून पुढे ढकललं.

सायलीने गेज हातात घेतलं. काटा शून्यावर आहे का, पाहिलं. टायरमध्ये हवा भरणाऱ्याच्या टाकीला ते जोडून दोन्ही काटे ताडून पाहिले. दोन्ही जुळले. ती माईकवर म्हणाली, "गेज बरोबर आहे." एवढ्यावर लोकांनी शिट्ट्या मारल्या.

मग तिने आकडे वाचले. पहिला सिलिंडर पंच्याण्णव पाउंड, दुसरा नव्वद, तिसरा साठ, चौथा शंभर. धडधाकट इंजिनाला हाच आकडा दीडशेच्या वर असतो.

महाराजांनी तांब्याच्या पळीने प्रत्येक भोकात हळदीच्या तेलाचं "तीर्थ" सोडलं, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले आणि पुन्हा मोजायला सांगितलं. एकशे चाळीस. एकशे तीस. एकशे पंधरा. एकशे पंचेचाळीस.

सायलीने तिसरा सिलिंडर तीनदा मोजला. काटा हटेना.  "आकडे खरे आहेत," ती म्हणाली, आणि मैदान दणाणलं. समोर पंधरा-वीस मोबाइल वर धरलेले होते.

प्लग बसवून गाडी सुरू केली तर सायलेन्सरमधून निळसर-पांढरा धूर निघाला.

"पाप जळतंय!" महाराज गरजले. "इंजिनाचं पाप बाहेर पडतंय, खोकू नका, श्वासात घ्या!"

लोकांनी तो धूर खरोखरच दोन्ही हातांनी ओंजळीत घेऊन डोक्यावर फिरवला. काकांनी त्याच संध्याकाळी गॅरेजवाल्याला फोन करून सांगितलं, सोमवारी येत न्हाई.

व्हॅन त्या संध्याकाळीच पुन्हा पहिल्यासारखी दमेकरी झाली होती, पण काकांना ते कळायला चढ लागला. डायलिसिसच्या पुढच्या फेरीला पुलाच्या चढावर भर रहदारीत तिने मान टाकली. मागे हॉर्नचा कल्लोळ. काकूंना रिक्षात घालून दवाखान्यात पोचवेपर्यंत त्यांची वेळ दुसऱ्याला दिलेली. दुसऱ्या दिवशी मशीन मिळेपर्यंत काकूंचे पाय सुजले होते आणि उताणं झोपलं की धाप लागत होती.

काकांनी महाराजांना फोन लावला. महाराजांनी विचारलं, पुढच्या सीटवर कोण बसतं?

"आमची मंडळी. तिला डायलिसिस असतंय."

 मग महाराज म्हणाले, "जिचं रक्त अंगाबाहेर काढून धुतात, ती बाई थेट इंजिनावर बसते आणि तुम्ही मला विचारता तीर्थ का उतरलं? दसऱ्याला नांदे गावात माझा कार्यक्रम आहे, तिथे या. पुन्हा मळण करू. पण त्या बाईचा स्पर्श नको. आता नाही, नंतरही नाही."

सायली संध्याकाळी काकांकडे गेली तेव्हा काकू ओट्यावर बसल्या होत्या. डाव्या हातावर सुयांच्या खुणा, मांडीवर निवडायची मेथी. त्या काडी काडी मोजल्यासारखी तोडत होत्या.

"व्हॅन हाय, पन मी रिक्षानं जायचं," त्या म्हणाल्या. "तुजं काका मागं मागं व्हॅन घिऊन येत्यात. मोकळी. लोक बघत्यात."

"काकू, असं काही नसतं गं."

"मला काय ठाव? रगत माजं धुत्यात तितं, इंजान न्हाई धुत. पन तूच म्हनली न्हवं माईकवर? आकडं खरं हायेत म्हनून."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्या खरंच विचारत होत्या. राग असता तर सायलीला सोपं गेलं असतं. तिने मान खाली घातली आणि मेथीची एक जुडी ओढून घेतली.

काका आतून आले. सायली म्हणाली, "काका, गाडी महाराजांमुळे सुधारली नव्हती आणि काकूमुळे बिघडली नाही. इंजिन उघडा."

"कशामुळं सुदारली मग?"

सायली मेथीची पानं तोडत राहिली.

"बग," काका म्हणाले. "तवा तू बोललीस ते समद्या तालुक्यानं ऐकलं. आता बोलतीस ते तुला बी ठाव न्हाई."

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत तिने नेहमीसारखं एक गेज तपासायला घेतलं. तिच्या टेबलावरचं यंत्र म्हणजे एक उभा पिस्टन, त्यावर वजनं आणि पिस्टनभोवती तेल. पिस्टन आणि नळकांड्याच्या मधल्या बारीक फटीत तेलाचा पापुद्रा असतो, म्हणून दाब टिकतो. नवीन आलेल्या मुलांना ती हे वाक्य स्वतः शिकवायची. त्या दिवशी वजन हातात तसंच राहिलं. 

झिजलेल्या रिंगा. रिंगा आणि सिलिंडरमधली फट. पळीभर तेल.

गेज खरं होतं. आकडेही खरे होते. तेल नुसतं ओतलं तर काय होतं, हे तिने विचारलंच नव्हतं. काटा तपासला आणि प्रयोग तपासायचा राहिला. मंत्राशिवाय एकदा, तेलाशिवाय एकदा, धूर थांबल्यावर एकदा. शाळेतल्या पोराला सुचावं इतकं साधं. आणि तिला ते सुचलं नाही, कारण लोक टाळ्या वाजवत होते आणि माईक हातात होता. हे तिने स्वतःशी कबूल केलं आणि ते कबूल करायला तिला जेवणाची पूर्ण सुट्टी लागली.

दसऱ्याला नांद्याच्या पटांगणात गर्दी माणपेक्षा दुप्पट होती. स्टेजवर मोठा पडदा लावला होता आणि त्यावर सायलीच होती. "आकडे खरे आहेत," पडद्यावरची सायली म्हणाली. ते वाक्य त्यांनी तीन वेळा फिरवून लावलं. खरी सायली शारदाकाकूंचा हात धरून गर्दीत उभी होती. तिला वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं. काकू रिक्षाने आल्या होत्या. काकांची मोकळी व्हॅन, हळदीकुंकवाने माखलेली, स्टेजसमोर उभी होती.

सायली स्टेजवर चढली. लोकांनी तिला ओळखलं आणि टाळ्या सुरू झाल्या. या टाळ्या तिला सगळ्यांत जास्त लागल्या.

"व्हिडिओतली मुलगी मीच," ती म्हणाली. "आज पण मोजायचंय."

महाराज खूश झाले. "बघा! विज्ञान स्वतः चालत आलं!"

खाली उतरून तिने आधी व्हॅन तशीच मोजली. पंच्याण्णव, नव्वद, साठ, शंभर. पोळ्याला तीर्थ सोडण्याआधी होते तेच आकडे. इंद्रजितने तीर्थाची पळी पुढे केली. सायलीने हाताने थांबवली.

"तीर्थ नको. मंत्र पण नको. महाराज, तुम्ही फक्त तोंड मिटून उभे राहा."

स्टेजलगत भज्यांची गाडी होती. गाडीवाल्या कोंडिबांकडून तिने शेंगदाणा तेलाची न फोडलेली पिशवी मागून घेतली, सगळ्यांसमोर फोडली आणि प्रत्येक भोकात चमचाभर तेल सोडलं.  याआधी तिने हे करून पाहिलेलं नव्हतं. काका गाडी उघडू देत नव्हते. आज चुकलं असतं तर काकूंची सीट कायमची गेली असती, तीही तिच्याच हाताने.

काकांनी किल्ली फिरवली. एकशे चाळीस. एकशे पस्तीस. एकशे पंधरा. एकशे पंचेचाळीस.

पटांगणात कुजबुज उठली. महाराज मात्र गडबडले नाहीत.

"साहजिक आहे! मी इथे उभा आहे ना! माझ्या सान्निध्यात तेलसुद्धा तीर्थ होतं!"

"आरं तिच्यायला," कोंडिबा खालून ओरडले, "मंग सकाळपास्नं मी तीर्थात भजी तळतूय व्हय!"

लोक हसले. सायली हसली नाही.

"तसं असेल तर महाराज, सान्निध्य अजून जवळून द्या," ती म्हणाली. "पुढच्या सीटवर तुम्ही बसा. बरोब्बर इंजिनावर. तुमच्याइतकं शुद्ध इथे दुसरं कोण आहे? काका एक फेरी मारून आणतील. आल्यावर पुन्हा मोजू."

महाराज म्हणाले, त्यांचं भक्ताच्या वाहनात न बसण्याचं व्रत आहे. पण तेवढ्यात जयवंतकाका पुढे आले. काकांचा विश्वास अजून पुरता गेला नव्हता. त्यांनी खरोखर डोळ्यांत पाणी आणून हात जोडले.

"बसा म्हाराज. तुमचा पाय लागला तर गाडीचं सोनं हुईल. आमचं लई भाग्य."

भक्ताच्या या नमस्कारातून सुटायला महाराजांकडे कुठलाच मंत्र नव्हता. प्लग आणि सीट पुन्हा बसवल्यावर ते बसले. गाडी सुरू झाली आणि मागून निळसर धूर निघाला. दोन शिष्य सवयीने ओरडले, "पाप जळतंय!"

"कुनाचं रं?" कोंडिबांनी विचारलं. "शेंगदान्याचं?"

व्हॅन धूर सोडत रस्त्याला लागली. सायलीच्या हातात माईक राहिला. गर्दीत हलकल्लोळ चालू होता. तिने थोडं थांबून बोलायला सुरुवात केली.

"तुमच्यातल्या कितीजणांनी सायकलच्या पंपाने हवा भरलीये?"

बरेच हात वर झाले.

"पंपातला वायसर वाळला की काय करायचात?"

"त्याल सोडायचं!" चार-पाच आवाज एकदम आले, आणि मग त्याच माणसांनी एकमेकांकडे पाहिलं.

"इंजिनात तेच झालंय. पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. फटीतून हवा निसटते. तेल टाकलं की फट तेवढ्यापुरती बुजते आणि काटा वर चढतो. गाडी चालली की ते तेल जळतं, त्याचा हा धूर. धूर थांबला म्हणजे तेल संपलं आणि फट उघडी. गॅरेजमध्ये रिंगा गेल्यात का हे ओळखायला हीच युक्ती वापरतात. रिंगा दुरुस्त करायला नाही."

कुणीतरी विचारलं, "मंग तवा का बोलली न्हाईस, ताई?"

या प्रश्नासाठी ती आली होती. 

"सुचलं नाही. मी शिकलेली आहे, म्हणून तुम्ही माझं ऐकलंत. मी काटा बरोबर वाचला. पण तो कशाने चढला, हे विचारलं नाही, आणि न विचारताच माईकवर बोलले. त्या बोलण्यावर माझ्या काकांनी इंजिनाचं काम थांबवलं. माझी काकू पुलावर अडकली. वर तिलाच अपवित्र ठरवलं. ती इथेच उभी आहे." काकूंनी पदर ओढून घेतला, पण मान खाली घातली नाही. "तिची मी सगळ्यांसमोर माफी मागते. महाराज दोषी आहेतच. पण त्यांच्या तेलाला शिक्का मी मारला."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तिला ते बरं वाटलं.

"माझं एवढंच म्हणणं आहे. गाडी ओवाळा, माळा घाला, पुरणपोळी खा. पण कुणी आकडा दाखवून चमत्कार सांगितला तर त्याला दोन गोष्टी विचारा. तुझ्या मंत्राशिवाय हेच करून दाखव. आणि उद्या पुन्हा मोजून दाखव. विचारणाऱ्याला पाप लागत नाही. मी पण सांगितलं तरी मला विचारा. मला तर आधी विचारा."

रस्त्यावरून व्हॅन परत आली. मागे धूर नव्हता. पटांगणात शिरायच्या छोट्या चढावर ती दोनदा अडखळली आणि गचके खात आत आली. महाराज उतरले तेव्हा त्यांच्या गळ्यातल्या हाराची फुलं मांडीवर सांडली होती. त्यांना लगेच पुढच्या कार्यक्रमाला निघायचं होतं. लोकांनी वाट दिली नाही. कोंडिबा भज्यांचा झारा हातात घेऊनच पुढे उभे राहिले. "बसा की म्हाराज. मोजूनच द्येता न्हवं तुमी?"

काकांनी सीट उचलली. त्यांचा चेहरा उतरला होता. इंजिन तापलेलं होतं, म्हणून फडकं गुंडाळून त्यांनी प्लग काढले. इंद्रजित गेजकडे हात करणार, तोच काका म्हणाले, "ऱ्हाऊ दे." मग गर्दीकडे वळून त्यांनी हाक मारली. 

"शारदे, हिकडं ये. काटा तू वाच."

काकू पुढे आल्या. गर्दी दुभंगत गेली. सायलीने माईक त्यांच्या तोंडापाशी धरला आणि गेज त्यांच्या हातात दिलं. काकूंनी उघड्या इंजिनाच्या कडेला फडक्यावरून हात टेकला, वाकून पाहिलं, आणि महाराजांकडे एकदा नजर टाकली.

"फिरवा किल्ली," त्या म्हणाल्या.

प्रत्येक सिलिंडरला काकूंनी काटा थांबेपर्यंत वाट पाहिली आणि मगच आकडा सांगितला.

पहिला, पंच्याण्णव. दुसरा, नव्वद. तिसरा, साठ. चौथा, शंभर.